काळ्या पट्ट्याचे तीन ब्रश

बाबा दाढी करायला बसले की घरात कोणी बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो रोज मीच मोडायची. लखनौला आलमबागच्या आमच्या रेल्वे क्वार्टरचा मागचा व्हरांडा, खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, खाली स्टूल, स्टुलावर पितळेची वाटी, तिच्यात साबणाची गोल वडी, बाजूला तुरटीचा खडा आणि ब्रश. मग आवाज सुरू व्हायचे. ब्रश वाटीत फिरतो तो खसखस, गालावर फिरतो तो ओलसर आणि मऊ, मग रेझरची खर्रखर्र, मध्येच वाटीच्या काठावर टकटक. अजून मला हे सगळं क्रमाने ऐकू येतं. आज माझा मुलगा डब्यातून भस्सकन फेस काढतो, गालाला फासतो, दोन मिनिटांत मोकळा. मी त्याला म्हटलं, अरे, यात आवाजच नाही काही. तर म्हणतो, मम्मी, आवाज किसलिए चाहिए? आता याला काय सांगणार.

बाबा भंडारा जिल्ह्यातले, रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लखनौला आलेले, आणि मी जन्माने लखनौची. त्यामुळे घरात भाषेची खिचडी. आई पक्की नागपुरी बोलायची, मी समजायची सगळं पण उत्तर हिंदीत द्यायची, आणि बाबा दोघींच्या मध्ये दोन्हीकडचे शब्द वापरून भांडण मिटवायचे. ज्वारी लखनौला धड मिळायची नाही, ती मामा नागपूरहून पोत्यात पाठवायचा. मग ज्या दिवशी भाकरी थापली जायची त्या दिवशी शेजारची मिसेस तिवारी भिंतीवरून विचारायची, भाभी, कौन ताली बजा रहा है? आई म्हणायची, आमच्या घरी रोज कीर्तन असते बापा. हे तिला मराठीतच सांगायची. तिवारीण हसायची, काय समजायची देव जाणे.

तर ब्रश. बाबांचा जुना ब्रश टकला व्हायला लागला होता. रोज चार-पाच केस बाबांच्या गालावर राहायचे, आणि आई ते डाळीतले खडे वेचावेत तसे वेचायची. एकदा कानाखाली एक केस तसाच चिकटून बाबा ड्यूटीवर गेले, दिवसभर कोणी सांगितलं नाही, संध्याकाळी आईने काढला आणि म्हणाली, तुमच्या कारखान्यात सगळे आंधळे हायेत का? मग बाबा अमीनाबादच्या बाजारात जाऊन एक नायलॉनचा ब्रश घेऊन आले. तो पाणीच प्यायचा नाही. फेस व्हायच्या ऐवजी साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. दोन दिवसांनी आईने तो ब्रश घेतला आणि स्टोव्ह साफ करायला ठेवला, त्या कामात मात्र तो फार चांगला निघाला.

अमीनाबादेत फुटपाथवर तेव्हा बाहेरच्या मालाच्या टपऱ्या असायच्या. पेन, टॉर्च, छत्र्या, घड्याळं, सगळं नेपाळमार्गे आलेलं. तिथला एक जण छोटी लांबट डबी अशी उघडायचा जशी आत अंगठी आहे. आत ब्रश. जाड, गुबगुबीत, केसांच्या मधोमध काळा पट्टा. बॅजर है साहब, चीन का, एक बार लेंगे तो लड़के की दाढ़ी भी इसी से बनेगी. बाबांनी हातात घेतला, गालावर फिरवून बघितला, आणि मी बाबांचं असं तोंड कधी बघितलं नव्हतं, खरंच, लहान मुलासारखं. मग किंमत विचारली. बाबा म्हणाले, एवढ्यात मी तो प्राणीच पाळीन. आणि परत ठेवला. पण रिक्षात बसल्यावर दोनदा मागे वळून बघितलं, ते मी बघितलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली शकूर चाचांचं दुकान होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, आणि एक रेडिओ जो फक्त थाप मारल्यावर बोलायचा. बाबा दाढी घरी करायचे पण केस चाचांकडे कापायचे, आणि केस कापताना दोघं जगाचा कारभार चालवायचे. मी बाबांना जेवायला बोलवायला जायची आणि पायरीवरच ऐकत बसायची. त्या फुटपाथवरच्या ब्रशची गोष्ट बाबांनी चाचांना सांगितली, तेव्हा चाचांची कैची थांबली. कारण ब्रशचं दुखणं चाचांचंही होतं, बाबांपेक्षा मोठं. बाजारात मिळणारा साधा ब्रश डुकराच्या केसांचा असतो. चाचांचं गिऱ्हाईक जास्त करून मोहल्ल्यातलं मुसलमान, आणि चाचा स्वतः पाच वेळचे नमाजी. डुकराचा केस ते दुकानात येऊ द्यायचे नाहीत. नायलॉन त्यांनी आमच्या आधीच वापरून फेकलं होतं. धंदा शिकवणाऱ्या उस्तादने दिलेला घोड्याच्या केसांचा एक ब्रश होता त्यावरच वर्षानुवर्षं चाललेलं, आणि आता त्याचीही अर्धी शेंडी उडाली होती.

झालं असं की त्या उन्हाळ्यात आई आणि तिवारीण सीमेपलीकडे नेपाळगंजला जाणार होत्या, कांबळं घ्यायला. मे महिन्यात कांबळं, कारण तेव्हा ती स्वस्त असतात. माझी बी.एस्सी.ची पहिल्या वर्षाची परीक्षा संपलेली, म्हणून पिशव्या उचलायला मला घेतलं. मोहल्ल्यात बातमी पसरायला किती वेळ. चाचांनी मला पायरीवर थांबवलं आणि म्हणाले, बिटिया, एक मेरे लिए भी. आणि ओळख सांगितली, जी त्यांच्या उस्तादने त्यांना सांगितली होती: बॅजरचा केस मुळाशी पांढरा, मध्ये काळा, टोकाला परत पांढरा. डुकराचा सगळा एका रंगाचा. मध्ये काळा पट्टा दिसला की डोळे झाकून घ्यायचा. मी म्हटलं, चाचा, आप बेफिक्र रहिए. मी तेव्हा सगळ्यांना हेच सांगायची.

तिसरी ऑर्डर आगाशे काकांची. हे पुण्याचे, झाडापानांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ, लग्न केलेलं नाही, राहायचे पार विकास नगरला. विकास नगर तेव्हा नुकतं वसत होतं, अर्ध्या प्लॉटांवर घरं आणि अर्ध्यांवर म्हशी. काका महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे, आईच्या हातचं झणझणीत वांगं खायचे, घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, वहिनी, यात तिखट थोडं कमी असतं तर मी आणखी दोन भाकऱ्या खाल्ल्या असत्या. आई म्हणायची, म्हणूनच तर टाकते. त्यांनीच आम्हाला सांगितलं की बॅजर म्हणजे आपल्याकडच्या बिज्जूचा लांबचा भाऊबंद. आणि बिज्जू म्हणजे लखनौत काय, तर कबर उकरणारा प्राणी, त्याच्या नावाने मुलांना झोपवतात. मी धावत जाऊन हे चाचांना सांगितलं. चाचा वस्तरा पुसत म्हणाले, तो क्या हुआ, मेरे गाहक तो सब ज़िंदा हैं.

कैसरबागहून पहाटेची बस, बहराइचला उतरून पुरी-भाजी, मग रुपईडीहा, मग सायकलरिक्षाने सीमा पार. मला वाटलं होतं परदेश म्हणजे काहीतरी वेगळं दिसेल. पण तीच धूळ, तेच टरबुजाचे ढीग, फक्त दुकानं अशी भरलेली की आई आणि तिवारीण एकमेकींचा हात धरून चालायला लागल्या. कांबळ्यांच्या घासाघिशीत दुपार गेली. ब्रश मात्र मी एकटीने घेतले, शेवटच्या गल्लीतल्या दुकानात. किंमत अमीनाबादच्या तिसऱ्या हिश्शाची. दुकानदाराने एका टोपल्यात ओतलेलेच होते, डबी नाही काही नाही, आणि मी एकेक उचलून काळा पट्टा बघत होती. वर पांढरा, मध्ये काळा, खाली पांढरा, अगदी चाचांनी सांगितला तसा. तीन निवडले. स्वतःवर इतकी खूश होती की मी त्याला अजून कमी करायलासुद्धा सांगितलं नाही.

परतताना आईने ब्रश चिवड्याच्या डब्यात खुपसले, का ते विचारू नका, बाकी अख्खी बस अंगावर दोन-दोन स्वेटर घालून मे महिन्यात बसली होती, त्यामुळे तिलाही काहीतरी लपवावंसं वाटलं असणार. चौकीवर शिपायाने डबा उघडला, चिवडा दिसला म्हणून मूठ घातली, आणि मुठीत ब्रश आला. त्याने विचारलं, माताजी, यह क्या है? आई म्हणाली, इसके बाप की दाढ़ी का है. तो आईकडे बघतो, ब्रशकडे बघतो. मग ब्रशवरचे शेंगदाणे झटकून त्याने तो परत दिला आणि चिवडा मात्र घेतला.

वाटणी झाली. आगाशे काकांनी दुसऱ्या दिवसापासूनच वापरायला घेतला आणि फोन नव्हता म्हणून पोस्टकार्ड टाकलं, की असा फेस मी आयुष्यात पाहिला नाही. बाबांनी आपला ट्रंकेत ठेवला. नवी वस्तू लगेच काढायची नाही, जुनी पूर्ण मेल्याशिवाय तर नाहीच, ही त्यांची रीत. आणि चाचांनी ब्रश हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पट्टा बघितला, अंगठ्याने केस उलटे-सुलटे केले आणि मलमलच्या तुकड्यात गुंडाळला. म्हणाले, रमज़ान चल रहा है, चाँद वाले दिन निकालूँगा. ईदच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, अख्ख्या मोहल्ल्याला गाल तासून, दाढीची कड रेखून दुसऱ्या दिवशी नमाजला जायचं असायचं. त्या दिवशीचं पहिलं उद्घाटन. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मेसराम साहब की बिटिया लाई है, ख़ुद पहचान के लाई है. मी त्या दिवसांत उगाचच गल्लीतून जास्त फेऱ्या मारायची.

एकोणतिसावा रोजा. सकाळी बाबांच्या जुन्या ब्रशची मूठ हातात आणि उरलेले केस वाटीत, असा तो एकदाचा मेला. बाबांनी ट्रंक उघडली. पण आमच्या घरी बाजारची कुठलीही वस्तू आईच्या भांड्यातून गेल्याशिवाय वापरात यायची नाही. कप असो, चमचा असो, कंगवा असो, आई ती उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून चांगली शिजवून काढायची. बाबा म्हणाले, अगं, ब्रश आहे तो, बटाटा नाही. आई म्हणाली, किती लोकांचे हात लागले असतील त्याले, आणि तो शिपाई. आणि टाकला पातेल्यात.

मी तिथेच चहा पीत बसली होती. पाणी आधी पिवळसर झालं, मग चहासारखं, मग चहापेक्षाही काळं. आईने चिमट्याने ब्रश बाहेर काढला. काळा पट्टा गेला होता. सगळे केस वरपासून खालपर्यंत एका रंगाचे, फिकट पिवळे, राठ. आई म्हणाली, हे काय झालं वं, याचा रंग काहून गेला? बाबांनी बोटांनी केस चाचपले, खिडकीजवळ जाऊन बघितले, आणि म्हणाले, डुकराचा आहे. पट्टा रंगवलेला.

बाबांना स्वतःचं काहीच वाटलं नाही. त्यांनी तो झटकला, वाटीत फिरवला, म्हणाले, बरा फेस होतो की. पण मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. कारण तशाच टोपल्यातला, तसाच पट्टा बघून उचललेला दुसरा ब्रश मलमलमध्ये गुंडाळून चाचांच्या दुकानात होता, आणि आज संध्याकाळी चंद्र दिसायची शक्यता होती.

मी काय केलं सांगते, खरं तेच सांगते. मी वाद घालायला लागली. म्हटलं, चाचांचा कदाचित खरा असेल. नसला तरी ते काही तो उकळणार नाहीत, त्यांना कधी कळणारच नाही. आणि बाबा, तुम्हीच तर म्हणता ना की विटाळ-बिटाळ काही नसतं, शिवल्याने कोणी बाटत नाही, केस म्हणजे केस. मग डुकराचा काय आणि बिज्जूचा काय. मी फार हुशारीने बोलली असं मला वाटलं होतं. बाबा एका गालाला फेस, दुसरा कोरडा, असे वळून बसले. दाढी करताना ते कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले.

म्हणाले, आमच्या गावात न्हावी आमच्या वस्तीत यायचा नाही. माझ्या बापाची दाढी माझा काका करायचा आणि काकाची बाप, बोथट वस्तऱ्याने, दोघांच्या गालांवर कायम खुणा. मी लखनौला आलो तेव्हा पहिल्यांदा केस कापायला शकूरच्या दुकानासमोर किती वेळ उभा राहिलो होतो, मला वाटलं नाव विचारेल, गाव विचारेल, मग आडनाव. याने विचारलं, साहब, आगे से छोटे कर दूँ? बस, एवढंच विचारलं. आजपर्यंत त्याने दुसरं काही विचारलं नाही.

मी तरी एवढ्यावर हटली नाही. मग हळू म्हटलं, पण विटाळ तर खोटाच ना?

बाबा म्हणाले, "लोकांनी आपल्याला अस्पृश्य म्हटलं, ते त्यांनी आपल्याबद्दल ठरवलं. याने हे स्वतःबद्दल ठरवलं आहे. आपल्या तोंडाला काय लागू द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. तू त्याला फसवून त्याचं ठरवणं हिसकून घेशील, तर मग तुझ्यात आणि त्या गावात फरक काय राहिला?"

आणि आरशाकडे वळले. उरलेला गाल पूर्ण होईस्तोवर फक्त रेझरचा आवाज. मग टॉवेल खांद्यावर टाकत एवढंच म्हणाले की तू आणला, तू सांगशील, मी येणार नाही. आणि ड्यूटीवर गेले.

दुपारी दोनपर्यंत मी घरात नुसती इकडून तिकडे. आई म्हणाली, जाऊन ये नं एकदा, नाही तर माझं डोकं खाऊ नको. गेली. बाहेर भाजणारी लू चालली होती, तरी दुकानात चार जण बाकड्यावर बसलेले, रोजा असल्यामुळे सगळे अर्धे झोपेत. माझ्याने त्यांच्यासमोर बोलवेना. मी पायरीवरून खूण केली, चाचा हात पुसत कडुलिंबाखाली आले. मी एका दमात सगळं सांगितलं, आईचं पातेलं, सोडा, काळं पाणी, बाबांनी ओळखलं ते. शेवटी विचारलं, किसी को लगाया तो नहीं?

चाचा म्हणाले, नहीं, शाम के लिए रखा है. आत गेले, मलमलची पुरचुंडी आणि गरम पाण्याचा मग घेऊन आले. ब्रश भिजवला, साबण लावला आणि अंगठ्याने काळ्या पट्ट्यावर जोरात घासलं. एकदा, दोनदा. मग अंगठा बघितला. काळा.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, यार. पण ते लखनौचे. त्यांनी ब्रश कागदात गुंडाळून मला परत दिला, नळावर जाऊन हात धुतले, परत धुतले, तिसऱ्यांदा धुतले, आणि हसून म्हणाले, अच्छा किया बिटिया, वक़्त पर आ गईं. आता लखनवी हसणं बघून आतलं काही कळत नाही, जन्मभर तिथे राहून मला आजही कळत नाही. ते आत गेले, उस्तादचा अर्धा टकला ब्रश उचलला, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, भाई, आज थोड़ा चुभेगा, माफ़ करना. आणि माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. इतके दिवस बिटिया लाई है, बिटिया लाई है, आणि बिटियाने काय आणलं.

मग मला आगाशे काकांचं पोस्टकार्ड आठवलं. असा फेस आयुष्यात पाहिला नाही. तिसरा ब्रश.

सायकल काढली. डोक्याला ओली ओढणी, वर आईने कांदा दिला खिशात ठेवायला, लू लागू नये म्हणून. चारबाग, हज़रतगंज, गोमतीचा पूल, निशातगंज, आणि तिथून पुढे रस्ता असा मोकळा की सावलीला एक म्हैस नाही. विकास नगरला पोचली तर काकांच्या दाराला कुलूप. अर्थात, ऑफिसचा दिवस. त्यांच्या पायरीवर बसून मी तो कांदा सोलून खाऊन टाकला. साडेपाचला काका आले, स्कूटर उभी करायच्या आत मी म्हटलं, काका, तुमचा ब्रश उकळायचा आहे.

काकांना कसलीही गोष्ट प्रयोग म्हणून सांगितली की ते नाही म्हणायचे नाहीत. चहाच्या पातेल्यात पाणी, सोडा, ब्रश, वर घड्याळ लावून दहा मिनिटं. मी वाकून बघत होती. पाणी किंचित पिवळं झालं, साबणाचं, आणि तिथेच थांबलं. काकांनी ब्रश काढला, भिंगाखाली धरला, एक केस उपटून बघितला, मुळापासून टोकापर्यंत. पट्टा तसाच्या तसा, केसाच्या आतला. काका खूश, म्हणाले, बघ, पारख लागते. मी म्हटलं, काका, निवडला मी होता. आणि मग सगळं सांगितलं, आणि मग मागितला.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तीनांत एक खरा निघाला, तो माझ्या वाट्याला आला, आणि तोच तू न्यायला आलीस?"

मी पिशवीतला चाचांचा परत केलेला ब्रश पुढे केला आणि म्हटलं, तुम्हाला तर डुकराचा चालेल ना? काका म्हणाले, मी वैज्ञानिक माणूस, मला काहीही चालतं. पण असं म्हणाले जसं कोणाचं तरी मयत झालं आहे. शेवटी ब्रश नीट पुसून, स्वच्छ रुमालात गुंडाळून दिला, आणि एक अट घातली की पुढच्या रविवारी वांग्यात तिखट कमी. मी आईच्या वतीने कबूल करून टाकलं. आईने अर्थातच ते पाळलं नाही.

परत आली तेव्हा इफ्तारचा सायरन नुकताच होऊन गेला होता. दुकानासमोर बाकडं बाहेर काढलेलं, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर खजूर, भजी, कापलेलं खरबूज, आणि गुलाबी सरबताची बादली. आठ-दहा जण, सगळ्यांच्या माना वर, छतांवर पोरं, कोणाला तरी दर मिनिटाला चंद्र दिसत होता आणि बाकीचे त्याला वेड्यात काढत होते. चाचांनी मला बघितलं. माझं तोंड उन्हाने टोमॅटो झालेलं. त्यांनी आधी ग्लासभर सरबत हातात दिलं, मी उभ्यानेच एका घोटात प्यायली. मग रुमाल दिला त्यांना. सांगितलं की हा तिसरा, काकांचा, आठवडाभर वापरलेला, माझ्या डोळ्यांदेखत दहा मिनिटं सोड्यात उकळलेला, रंग गेला नाही, भिंगाखाली बघितला. पण चाचा, तुम्ही स्वतः परत उकळून बघा, इथे सगळ्यांसमोर, मी सोडासुद्धा आणला आहे. आणि मी खरंच पुडी काढली.

चाचांनी पुडी घेतली, बघितली आणि माझ्याच पिशवीत परत टाकली.

"जो ख़ुद चलकर बताने आए कि मेरा माल खोटा है," ते म्हणाले, "उसका दूसरा माल मैं उबालूँगा?"

चाचा दुकानात गेले, ब्रश साबण लावून तीनदा धुतला आणि वाटीत फिरवायला लागले. हळूहळू तो फेस वर यायला लागला, दाट, पांढरा, मलईसारखा, वाटीच्या काठाबाहेर. बाकड्यावरचे सगळे उठून आत डोकावायला लागले. पहिला नंबर माझा, म्हणून दोघांचं भांडण सुरू झालं.

आणि तेवढ्यात मशिदीतून सांगितलं की चंद्र दिसला नाही. आज नाही, ईद परवा, उद्या अजून एक रोजा.

दोन मिनिटांत दुकान रिकामं. अरे, उद्या करू, आज कोण करतो, म्हणत सगळे घरोघर गेले, भांडणारे दोघं तर गळ्यात हात टाकून गेले. माझी ती सगळी सायकल, तो कांदा, ती लू, सगळं एक दिवस आधीच झालं होतं. मी आणि चाचा एकमेकांकडे बघून इतके हसलो की रेडिओ थाप न मारता सुरू झाला असता.

हसू आवरल्यावर चाचांनी वाटीकडे बघितलं. म्हणाले, बन गया है तो ज़ाया क्यों करें. आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसले, मान मागे टाकली, ब्रश फेसात बुडवला, आणि पहिल्यांदा तो स्वतःच्या गालाला लावला.